रोगाला कारण असते : कॅन्सरचा विषाणू पहिल्यांदा पाहणारे डोळे

वस्तीत एखाद्या घरी कॅन्सरचे निदान झाले की दोन प्रकारची कुजबूज सुरू होते. पहिली : "कुणाचं काय वाईट केलं असेल, म्हणून भोगतोय." दुसरी : "त्याचं ताट-तांब्या वेगळा ठेवा, लागायचा आपल्याला." पहिल्या कुजबुजीत कर्मविपाक आहे, दुसरीत विटाळ आहे. या दोन्ही गोष्टी आपण १९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर सोडून आलो. तरीही आजारपणाच्या भीतीत त्या मागच्या दाराने घरात शिरतात, हे मान्य करायला हवे.

बुद्धांनी सांगितले की दुःख आहे आणि दुःखाला कारण आहे. कारण शोधता येते आणि कारण दूर झाले की दुःखही दूर करता येते. ते कारण नशिबात किंवा मागच्या जन्मात शोधायचे नाही. डोळ्यांनी पाहायचे, तपासायचे, आणि पटले तरच मानायचे. या अंकाच्या आरोग्य पानावर आम्ही अशाच एका शोधाची हकीकत सांगणार आहोत. माणसाला होणाऱ्या एका कॅन्सरमागे विषाणू असतो हे एका शास्त्रज्ञाने अत्यंत शक्तिशाली सूक्ष्मदर्शकातून पाहिले. ते साल होते १९६४. त्या दिवसापासून सुरू झालेली वाट आज आपल्या लेकींना मिळणाऱ्या लसीपर्यंत आणि आपल्या आया-बहिणींच्या तपासणीपर्यंत आली आहे.

युगांडातली मुले आणि एका डोळ्याचा सर्जन

डेनिस बर्किट हे आयर्लंडचे सर्जन. लहानपणी अपघातात त्यांचा एक डोळा गेला होता. पूर्व आफ्रिकेतील युगांडा देशात, कंपाला शहरातल्या मुलागो रुग्णालयात ते काम करत. १९५७ साली त्यांच्याकडे एक लहान मुलगा आला. त्याचा जबडा दोन्ही बाजूंनी सुजला होता. काही दिवसांनी दुसऱ्या गावच्या रुग्णालयात तशाच सुजेचे दुसरे मूल दिसले. बर्किट यांनी जुनी नोंदवही चाळली तेव्हा अशी मुले एक-दोन नव्हती. जबड्यात, पोटात झपाट्याने वाढणाऱ्या या गाठी मुलांचा जीव घेत होत्या.

बर्किट यांनी आफ्रिकेतल्या रुग्णालयांना या मुलांची छायाचित्रे छापलेली पत्रके पाठवली आणि विचारले, तुमच्याकडे असे रुग्ण येतात का? आलेली उत्तरे त्यांनी नकाशावर टिंबांनी मांडली. आफ्रिकेच्या मध्यभागी एक पट्टा उमटला. जिथे उष्णता आणि पाऊस भरपूर तिथे हा आजार होता, तर उंच, थंड किंवा कोरड्या भागात जवळजवळ नव्हता. पुढे १९६१ च्या अखेरीस दोन सहकाऱ्यांसह जुन्या मोटारीतून सुमारे दहा हजार मैलांचा प्रवास करून त्यांनी हा पट्टा प्रत्यक्ष तपासला. हाच तो आजार, ज्याला आज बर्किट लिम्फोमा म्हणतात. तो मलेरियाच्या पट्ट्याशी बराच जुळत होता.

हवा-पाण्याप्रमाणे आजाराचा नकाशा बदलत असेल, तर त्यामागे एखादा सजीव घटक असावा, असा विचार कुणाच्याही मनात येईल. पण त्या काळी माणसाचा कॅन्सर विषाणूमुळे होतो असे म्हणणे धाडसाचे होते. पेटन राऊस या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९११ सालीच कोंबड्यांमधला एक कॅन्सर विषाणूमुळे होतो हे दाखवले होते. "कोंबड्यांत असेल, माणसात नाही," म्हणून लोकांनी ते बाजूला सारले. राऊस यांना नोबेल मिळाले ते १९६६ साली, तब्बल ५५ वर्षांनी.

एक भाषण आणि त्यातून सुटलेला प्रश्न

२२ मार्च १९६१ रोजी बर्किट यांनी लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात या आजाराविषयी भाषण दिले. श्रोत्यांत अँथनी एप्स्टीन नावाचे चाळिशीच्या उंबरठ्यावरचे शास्त्रज्ञ बसले होते. ते कोंबड्यांच्या त्याच राऊस विषाणूवर काम करत होते. शिवाय न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत जाऊन ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरायला शिकून आले होते. आजाराचा नकाशा पाहताच त्यांना वाटले, इथे विषाणू शोधायलाच हवा.

इथे थोडे यंत्राविषयी सांगायला हवे. शाळेच्या प्रयोगशाळेत आपल्या मुलांनी पाहिलेला सूक्ष्मदर्शक प्रकाशावर चालतो. त्यातून पेशी दिसते, जिवाणू दिसतो. पण प्रकाशाच्या लहरींनाही एक लांबी असते. त्या लांबीच्या साधारण निम्म्याहून लहान वस्तू साध्या सूक्ष्मदर्शकात स्पष्ट दिसत नाही. जाड बोटांनी सुईचे छिद्र चाचपावे, तसेच हे. बहुतेक विषाणू या मर्यादेपेक्षा लहान असतात.

१९३१ साली बर्लिनमध्ये अर्न्स्ट रुस्का आणि मॅक्स नोल यांनी वेगळी वाट काढली. प्रकाशाऐवजी त्यांनी इलेक्ट्रॉनचा झोत वापरला आणि काचेच्या भिंगाऐवजी चुंबकाचे भिंग. इलेक्ट्रॉनची लहर प्रकाशाच्या लहरीपेक्षा हजारो पटींनी आखूड असते, म्हणून अतिशय बारीक वस्तू दिसू शकते. पण यंत्राच्या पोटात हवा नसते, त्यामुळे जिवंत पेशी पाहता येत नाही. पेशी आधी पक्की करावी लागते, राळेसारख्या पदार्थात गोठवावी लागते आणि तिचे इतके पातळ काप घ्यावे लागतात की एका मिलिमीटरमध्ये दहा हजारांहून अधिक काप बसतील. त्यावर जड धातूचा रंग चढवायचा आणि मग झोताखाली धरायचे. फार वेळ धरले तर काप जळून जातो.

तीन वर्षे हाती काहीच नाही

कंपालाहून मुलांच्या गाठींचे तुकडे विमानाने लंडनला येऊ लागले. एप्स्टीन त्यांचे काप घेऊन पाहत राहिले, पण विषाणू दिसेना. शरीराच्या आत विषाणू दडून राहत असेल, असा त्यांनी विचार केला. पेशी शरीराबाहेर वाढवल्या, तर तो बाहेर पडेल का? तसे करण्याचा प्रयत्नही फसत राहिला. जवळजवळ तीन वर्षे अशीच गेली.

५ डिसेंबर १९६३ रोजी लंडनवर दाट धुके होते. कंपालाचा नमुना घेऊन येणारे विमान मँचेस्टरला उतरवावे लागले. नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. ज्या द्रावणात गाठीचा तुकडा ठेवला होता ते गढूळ झालेले दिसले. द्रावण गढूळ म्हणजे त्यात जिवाणू वाढले, नमुना नासला, फेकून द्या, असाच कुणीही निष्कर्ष काढला असता.

एप्स्टीन यांनी फेकण्याआधी त्यातला एक थेंब साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. जिवाणू नव्हते. गाठीपासून सुट्या झालेल्या जिवंत पेशी द्रावणात तरंगत होत्या, आणि गढूळपणा त्यांचाच होता. प्रवासात हिंदकळून त्या मोकळ्या झाल्या होत्या. मग एप्स्टीन आणि त्यांच्या सहकारी यव्होन बार यांनी पेशी तशाच तरंगत्या ठेवून वाढवल्या, आणि या वेळी त्या वाढल्या.

आम्हाला या हकिकतीतली ही जागा सर्वांत महत्त्वाची वाटते. "दिसते तसेच असेल" असे न मानता एक थेंब तपासून पाहणे. कालाम लोकांना बुद्धांनी हेच सांगितले होते : परंपरेने आले म्हणून, मोठ्या माणसाने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या.

२४ फेब्रुवारी १९६४

वाढवलेल्या पेशींचे काप घेऊन एप्स्टीन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकापुढे बसले. पाहता पाहता एक पेशी समोर आली, आणि ती विषाणूंनी भरलेली होती. आकार नागीण, कांजिण्या यांच्या विषाणूंच्या कुळातला होता. झोताने काप जळेल या भीतीने त्यांनी यंत्र बंद केले, बाहेर बर्फात एक फेरी मारली, मन शांत केले आणि परत येऊन पुन्हा पाहिले. विषाणू तिथेच होते.

२८ मार्च १९६४ रोजी 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात तिघांच्या नावाने हा शोध प्रसिद्ध झाला : एप्स्टीन, अचाँग आणि बार. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या वर्नर आणि गर्ट्रूड हेन्ले या दांपत्याने हा विषाणू पूर्वी माहीत नसलेला, नवा असल्याची खात्री केली. पेशींच्या नमुन्याला 'ईबी' हे नाव होते, त्यावरून विषाणूला 'एप्स्टीन-बार विषाणू' म्हणू लागले. वेस्ट इंडीजमधील त्रिनिदादला जन्मलेले बर्ट अचाँग हे सूक्ष्मदर्शकाचे जाणकार या कामात बरोबरीने होते, पण विषाणूच्या नावात ते नाहीत. ज्या आफ्रिकी मुलांच्या गाठींवर हे सारे ज्ञान उभे राहिले, त्यांचीही नावे कुणाच्या तोंडी नाहीत. ज्ञानाच्या इमारतीत पायाचे दगड कोण होते हे विचारण्याची सवय आपल्या चळवळीने आपल्याला लावली आहे, म्हणून हे इथे नोंदवतो.

एप्स्टीन पुढे ब्रिस्टल विद्यापीठात प्राध्यापक झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मग हा कॅन्सर 'लागतो' का?

हा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेलच. उत्तर नीट समजून घेऊ.

एप्स्टीन-बार विषाणू लाळेतून पसरतो आणि जगातल्या बहुतेक सर्व मोठ्या माणसांच्या शरीरात तो असतो. तुमच्या-आमच्याही शरीरात बहुधा असेल. पण त्यातल्या फारच थोड्यांना कॅन्सर होतो. आफ्रिकेतल्या मुलांत वारंवार होणाऱ्या मलेरियामुळे शरीराची राखण ढिली पडते आणि पेशीच्या आत जनुकांत बिघाड होतो, तेव्हा गाठ तयार होते. म्हणजे कारण एक नसते, कारणांची साखळी असते. एक कडी असली म्हणून आजार होतोच असे नाही, पण एखादी कडी तोडली तर आजार टळू शकतो. प्रतीत्यसमुत्पाद समजून घेतलेल्यांना हे नवे वाटणार नाही.

म्हणून स्पष्ट सांगतो : कॅन्सरच्या रुग्णाजवळ बसल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने, त्याला आंघोळ घातल्याने कॅन्सर होत नाही. ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या वेगळ्या पाणवठ्यावर उभे केले गेले, ज्या समाजाने महाडला चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्याले, त्या समाजाच्या घरात आजारी आईचा तांब्या वेगळा ठेवला जाऊ नये. केमो चालू असताना रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी असते, तेव्हा सर्दी-ताप असलेल्याने जवळ जाऊ नये, हात धुऊन जावे. पण ही काळजी रुग्णाच्या रक्षणासाठी असते. त्याच्यापासून कुणी वाचायचे नसते.

आणखी एक दिलासा. बर्किट लिम्फोमा झपाट्याने वाढतो, पण औषधांना प्रतिसादही चांगला देतो. बर्किट यांनीच युगांडात औषधे देऊन काही मुले बरी होताना पाहिली. मुलांचा कॅन्सर म्हणजे मरण, असे समजून उपचार सोडू नयेत.

त्या वाटेने पुढे काय आले?

एका कॅन्सरमागे विषाणू सापडला, तेव्हा शास्त्रज्ञ इतर कॅन्सरमागेही शोधू लागले.

१९७० साली त्याच मिडलसेक्स रुग्णालयात डेव्हिड डेन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून हिपॅटायटिस-बी या काविळीच्या विषाणूचा पूर्ण कण पाहिला. हा विषाणू वर्षानुवर्षे शरीरात राहिला तर यकृताचा कॅन्सर होऊ शकतो. आज त्यावर लस आहे. सरकारी दवाखान्यात बाळ जन्मल्यावर २४ तासांच्या आत तिचा पहिला डोस मोफत देतात. बाळंतपण कुठेही होवो, हा डोस दिला का ते विचारून घ्या.

१९८३-८४ मध्ये जर्मनीचे हॅराल्ड त्सुर हाउसेन यांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये एचपीव्ही नावाच्या विषाणूचे दोन प्रकार, १६ आणि १८, शोधून काढले. जगातल्या या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के या दोन प्रकारांमुळे होतात. २००८ साली त्यांना नोबेल मिळाले. या विषाणूवरची भारतात बनलेली 'सर्व्हाव्हॅक' ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची आहे. तिला २०२२ साली मंजुरी मिळाली. ९ ते १४ वर्षांच्या मुलींना लस दिली तर तिचा सर्वाधिक उपयोग होतो. डोस किती आणि कधी घ्यायचे ते आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा. या लसीचा मुलीच्या चारित्र्याशी काही संबंध नाही. पोलिओची लस देताना आपण तसा विचार करतो का?

आणि एक अभ्यास तर थेट आपल्यासारख्या वस्त्यांत झाला. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी तपासणी केली. ती केली डॉक्टरांनी नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविकांनी. गर्भाशयमुखाला पातळ अ‍ॅसेटिक आम्ल लावायचे, म्हणजे व्हिनेगरमधलेच आम्ल, आणि मिनिटभराने पाहायचे. बिघडलेला भाग पांढरट दिसतो. एवढ्या साध्या तपासणीने त्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. लाखो-करोडोंचा सूक्ष्मदर्शक आणि काही पैशांचे आम्ल ही एकाच ज्ञानाची दोन टोके आहेत. कारण कळले, म्हणून स्वस्त उपायही उपयोगी पडला.

आपल्या गाठीचा तुकडा कुठे जातो?

डॉक्टर "बायोप्सी करा" म्हणतात तेव्हा अनेक घरांत घाबरून तपासणी टाळली जाते. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" हा समज फार खोलवर आहे. तपासणी कुठून आणि कोणत्या पद्धतीने करायची याचा विचार डॉक्टर आधी करतात. सुईच्या भीतीने गेलेले महिने मात्र गाठ वाढवतात, आणि खरा धोका तोच आहे.

काढलेला तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीत ठेवतात. मग तो मेणात बसवतात. त्याला 'ब्लॉक' म्हणतात. ब्लॉकचे पातळ काप काचेवर घेऊन निळा-गुलाबी रंग देतात. ती 'स्लाइड'. पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि सांगतात : गाठ साधी की कॅन्सरची, कोणत्या जातीची. पुष्कळदा त्याच ब्लॉकवर आणखी खास तपासण्या करतात आणि त्यावरून कोणते औषध लागू पडेल ते ठरते. कॅन्सर आहे की नाही हे नुसते हात लावून किंवा रक्ताच्या एका तपासणीवरून खात्रीने सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

एक व्यवहाराची गोष्ट लक्षात ठेवा. मोठ्या रुग्णालयात गेल्यावर अहवालाबरोबर ब्लॉक आणि स्लाइडही मागतात. जिथे बायोप्सी झाली तिथून त्या मागून घ्या आणि जपून ठेवा. ब्लॉक उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका, मेण वितळते.

घरोघरी करायच्या गोष्टी

सगळेच कॅन्सर विषाणूमुळे होत नाहीत. आपल्या वस्त्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मोठे कारण तंबाखू, गुटखा, खैनी आणि मिश्री हे आहे. मिश्री दात घासायला असते म्हणून ती निर्व्यसनी, असे अनेक आजी-मावश्यांना वाटते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. पंचशीलातले पाचवे शील घेताना दारूबरोबर तंबाखूचाही विचार करायला हवा.

पुढील लक्षणे दोन-तीन आठवड्यांहून अधिक राहिली तर दवाखाना गाठा :

• तोंडात न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे.

• स्तनात गाठ, स्तनाग्रातून रक्त येणे, कातडी आत ओढली जाणे.

• मान, काख, जांघ यांत वाढत जाणारी गाठ. मुलाच्या जबड्याला किंवा पोटाला सूज.

• अंगावरून दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे.

पाळी थांबल्यानंतर, दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त गेले तर तीन आठवडे थांबूच नका, लगेच जा. लाजेने सांगायचे राहून जाते आणि त्यातच उशीर होतो.

सरकारी आरोग्य केंद्रात ३० वर्षांवरील सर्वांची तोंडाची, आणि स्त्रियांची स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट आहे. आशाताईंना तपासणीचा दिवस विचारा. उपचाराचा खर्च आला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन यांचा समावेश आहे. योजनेत असलेल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्यांना भेटा. दागिने गहाण टाकण्याआधी हे करा.

आमची बुद्धविहारांच्या समित्यांना आणि महिला मंडळांना एक विनंती आहे. वर्षावासात ग्रंथवाचनाला स्त्रिया रोज जमतात. त्यातला एक रविवार तपासणीसाठी ठेवा. आरोग्य केंद्राला लेखी पत्र द्या, आरोग्य सेविकेला बोलवा, पडदा लावून एक खोली मोकळी करून द्या, आणि कुणाची तपासणी झाली, कुणाला पुढे पाठवले याची वही ठेवा. पुढे पाठवलेल्या बाईबरोबर मंडळातली एक जण दवाखान्यापर्यंत जावी. मुंबईच्या वस्त्यांत मृत्यू कमी झाले ते नुसत्या आम्लाने नव्हे. कुणीतरी दार वाजवले, नाव लिहून घेतले आणि पुन्हा दोन वर्षांनी तेच दार वाजवले, म्हणून ते कमी झाले.

एप्स्टीन यांनी गढूळ द्रावण फेकून दिले नाही, एक थेंब तपासला. आपल्या घरातली गाठ, जखम, रक्तस्राव "असेल काहीतरी" म्हणून सोडून देऊ नका. तपासा.